अ‍ॅक्टिंगमध्ये यायचंय? मुंबईचं तिकीट काढायच्या आधीचं आणि नंतरचं

गेल्या महिन्यात जालन्याच्या एका मुलाचा मेसेज आला, ताई मी नोकरी सोडली, पुढच्या सोमवारी देवगिरीने मुंबईला येतोय, अंधेरीत ऑडिशन कुठे चालतात तेवढं सांगा. मी त्याला एकच विचारलं, आत्तापर्यंत नाटकं किती केलीस? तर म्हणाला एकही नाही, पण घरी रोज प्रॅक्टिस करतो, रील्सपण आहेत माझे. मी त्याला तिकीट कॅन्सल करायला लावलं आणि नोकरीवर परत घेतात का ते आधी बघ म्हणून सांगितलं, घेतलं त्याला परत, देवाची कृपा.

असे मेसेज मला खूप येतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. मी मूळची लातूरची, बी.कॉम.ला पुण्यात आले, तिथे कॉलेजच्या नाटकात शिरले, २०१५ ला मुंबईत आले, तेव्हापासून मालिकांमधे छोटे मोठे रोल, एक व्यावसायिक नाटक, थोडं डबिंग, आणि गेली चार वर्षं एका कास्टिंग ऑफिसमधे, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्या ऑफिसमधे, असिस्ट पण करते. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहून ऑडिशन दिलीय आणि कॅमेऱ्यामागे बसून शेकडो जणांच्या घेतल्यात पण, त्यामुळे जे सांगतेय ते दोन्हीकडून बघून सांगतेय.

त्या मुलाला का थांबवलं ते आधी. मुंबईत ऑडिशनला गेलात की तुम्हाला दोन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांत जे येतंय ते दाखवायचं, तिथे कोणी शिकवत नाही, चूक पण सांगत नाही, पुढचा आत येतो. आणि तुमच्या गावात तुम्ही एका नाटकात काम केलंत तर दीड दोन महिने तालीम, रोज तीन तास, दिग्दर्शक ओरडतोय, समोरचा वाक्य विसरतोय तर तुम्ही सांभाळून घेताय, मग रंगीत तालीम, मग प्रयोग. एवढं काम मुंबईत नवीन माणसाला वर्षभरात मिळत नाही हो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की अभिनय रोज करायला मिळेल अशी जागा आधी शोधा, मग ती बार्शी असो की बल्लारपूर, मुंबईचं नंतर बघता येतं.

मग नाटक करायचं कुठे?

कॉलेजमधे असाल तर तुम्ही फार नशीबवान आहात, हे कॉलेज सुटल्यावर कळतं. पुण्यात असाल तर महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक आहे, कॉलेजांच्या एकांकिकांची स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात साधारण ऑगस्टमधे प्राथमिक आणि सप्टेंबरमधे अंतिम फेरी. आज मराठीत जी नावं तुम्ही ऐकता त्यातली कितीतरी तिथूनच आलीत. आणि तिथलं परीक्षण किती कडक असतं याचं उदाहरण म्हणजे २०२२ साली परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही, करंडकाच्या लायक एकांकिका नाही म्हणून. तेव्हा बरीच चर्चा झाली, मुलं रडली, पण मला वाटतं एवढं गांभीर्याने तुमच्याकडे कोणी बघतंय हीच मोठी गोष्ट आहे त्या वयात. फिरोदिया करंडक आहे, त्यात गाणं नाच चित्र शिल्प सगळंच एका सादरीकरणात आणायचं असतं. मुंबईकडे आयएनटी म्हणजे इंडियन नॅशनल थिएटरची एकांकिका स्पर्धा, मग राज्यभर केंद्रं असलेली लोकांकिका, आणि चतुरंगची सवाई, जी वर्षानुवर्षं २६ जानेवारीच्या आदल्या रात्री रात्रभर चालते आणि त्यात वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच घेतात. कॉलेज जूनमधे सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यातच नाटकाच्या ग्रुपची निवड होते, तेव्हा नोटीस बोर्ड बघत राहा, सीनियर्सना विचारा, लाजू नका.

रोल नाही मिळाला तर? बॅकस्टेज करा. मला पहिलं अख्खं वर्ष प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान सांभाळणं, आणि प्रॉम्प्टिंग म्हणजे नट विसरला की वाक्य देणं, हेच दिलं होतं, विंगेत पुस्तक धरून बसायचे. तेव्हा राग यायचा खूप पण आज सांगते, प्रॉम्प्टिंगमुळे मला पॉज म्हणजे काय ते कळलं. कारण नट थांबला की तो विसरलाय का मुद्दाम थांबलाय हे तुम्हाला एका क्षणात ओळखायचं असतं, चुकून वाक्य दिलं तर त्याचा पॉज मेला. ते करता करता कान तयार होतो. आणि मुख्य म्हणजे प्रयोगाच्या दोन दिवस आधी कोणीतरी आजारी पडतंच, तेव्हा सगळं पाठ असलेला माणूस विंगेतच बसलेला असतो.

कॉलेज संपलंय, नोकरी आहे, लग्न झालंय, तरी चालतं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा आहे ना, तिची केंद्रं अगदी जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरच्या आसपास. म्हणजे गणपती झाले की तुमच्या गावातल्या हौशी संस्थांच्या तालमी सुरू होतात. बँकेतले, शाळेतले, एमएसईबीतले लोक असतात, संध्याकाळी साडेसातला जमतात. तिथे जाऊन सरळ म्हणायचं, मला नाटकात यायचंय, काहीही काम द्या. नाही कोणी म्हणत नाही, कारण माणसं कमीच पडत असतात, आणि मुली तर हव्याच असतात.

विदर्भातल्या पोरांना मी खास सांगते की झाडीपट्टीच्या नाटकांकडे कमी लेखून बघू नका. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर जो सीझन सुरू होतो त्यात देसाईगंज म्हणजे वडसा इथे नाट्यकंपन्यांची ऑफिसं आहेत, गावोगावच्या मंडईला म्हणजे जत्रेला, शंकरपटाला म्हणजे बैलांच्या शर्यतीला नाटकं लागतात, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, आणि नटाला त्याचे पैसे मिळतात. सलग इतक्या रात्री, हजारो लोकांसमोर, थंडीत, उघड्यावर, मागे बसलेल्या म्हातारीपर्यंत आवाज पोचवायचा, हे कुठल्या क्लासमधे मिळणार आहे सांगा. झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली. तसंच सिंधुदुर्गात दशावतार, तिथे लिहिलेली संहिताच नसते, नट उभ्या उभ्या संवाद बोलतात. मुंबईत इम्प्रोव्हायझेशनची वर्कशॉप पैसे भरून करतात लोक आणि कोकणातला दशावतारी ते आयुष्यभर करत असतो. गोव्यातही जत्रांना, देवळांच्या उत्सवांत गावातली माणसंच नाटकं बसवतात आणि कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी संघ अगदी जीव ओतून तयारी करतात. सांगायचं हे की काम आहे, फक्त ते काम आहे असं आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

कोर्स करायचाच का?

करायलाच हवा असं नाही, पण दोन तीन वर्षं फक्त हेच करायला मिळत असतील तर जरूर करा. दिल्लीचं एनएसडी म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ चं, तीन वर्षांचा कोर्स, ग्रॅज्युएशन लागतं आणि आधी नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो, आणि विद्यार्थ्यांना दरमहा स्कॉलरशिप मिळते, त्यामुळे पैशाची अडचण असलेल्यांनी हे आधी बघावं. पुण्याचं एफटीआयआय म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, लॉ कॉलेज रोडला जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, तिथे स्क्रीन अ‍ॅक्टिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ पासून, कलिना कॅम्पसला. छत्रपती संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, आमच्याकडची बरीच मुलं तिथे जातात. या सगळ्यांच्या जागा थोड्या असतात आणि प्रवेशासाठी परीक्षा, मुलाखत, वर्कशॉप असं असतं, त्यामुळे एका वर्षात नाही झालं तर पुढच्या वर्षी परत द्यायची तयारी ठेवा.

खाजगी अ‍ॅक्टिंग स्कूलबद्दल एकच सांगते. तीन महिन्यांचे लाखभर रुपये मागत असतील तर फी भरायच्या आधी तिथे शिकवणारं माणूस रोज येणार आहे का एकदाच उद्घाटनाला येणार आहे ते विचारा, मागच्या बॅचच्या दोन मुलांशी बोला, आणि "कोर्स संपल्यावर ब्रेक देऊ" असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या.

भाषा, आवाज, आणि आपली बोली

याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. लातूरहून आले तेव्हा मी पाणीला पानी म्हणायचे, आणिला आनी, कोणालाला कोनाला. कॉलेजच्या पहिल्या वाचनात एक सीनियर सगळ्यांसमोर हसला आणि मी दोन आठवडे तालमीला गेलेच नाही. नंतर एका दुसऱ्या ताईने जवळ बसवून सांगितलं की तुझी भाषा चुकीची नाहीये, तुला फक्त अजून एक भाषा शिकायचीय, जशी इंग्लिश शिकलीस तशी. ते वाक्य मी आजही नवीन मुलांना सांगते.

तर करायचं काय. रोज सकाळी पेपरमधला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, लगेच ऐकायचा. ण आणि न, ळ आणि ल, श आणि स हे वेगळे ऐकू येतायत का बघायचं. चार मधला च आणि चाक मधला च वेगळे आहेत, तसंच जीव मधला ज आणि जागा मधला ज. मराठीत हे दोन्ही लागतात पण हिंदी बोलताना मात्र चाचा, चलो, जाना हे सगळे चार मधल्या च सारखे आणि जीव मधल्या ज सारखे यायला हवेत, आपण मराठी लोक तिथे पटकन पकडले जातो. वाचताना श्वास कुठे घेताय ते बघा, वाक्याच्या शेवटच्या शब्दाला आवाज पडतोय का ते बघा. शेवटचा शब्द गिळणं हा दोष मला ऑडिशनच्या दहातल्या सात आठ टेपमधे दिसतो. दोन महिने रोज वीस मिनिटं केलंत तरी फरक कळतो, मला तेवढेच लागले.

आणि हे सगळं करताना आपली बोली पुसू नका, प्लीज. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी, मराठवाडी, ज्याची जी असेल ती अस्सल जपा. आता गावाकडच्या गोष्टींच्या मालिका, सिनेमे भरपूर होतात, कोल्हापूर, सातारा, नाशिक भागात सेट लागतात, आणि तिथे मुंबई पुण्याच्या नटांना बोली शिकवायला वेगळा माणूस ठेवावा लागतो. मला पहिली मालिका मिळाली तीच माझ्या लातुरी हेलामुळे, चार सीनचा रोल होता तो अठ्ठावीस एपिसोडचा झाला.

तयारीत तीन तुकडे कायम पाठ ठेवा, एक आपल्या बोलीतला, एक प्रमाण मराठीतला, एक हिंदीतला, प्रत्येकी दीड मिनिटाचा. त्यातला निदान एक तरी शांत हवा. सगळे जण रडारड आणि आरडाओरडा तयार करून येतात, दिवसभर तेच बघून कास्टिंगवाल्याचं डोकं दुखत असतं, मग कोणीतरी आत येऊन साधं फोनवर बोलल्यासारखं बोललं की आम्ही सगळे मान वर करून बघतो.

फोटो आणि सेल्फ टेप

पन्नास हजारांचा पोर्टफोलिओ लागत नाही. चार पाच फोटो लागतात. चेहऱ्याचा एक समोरून, एक हसरा, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, एक पूर्ण उभा. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, मेकअप नाही, गॉगल नाही, फिल्टर तर अजिबात नाही, कारण फोटोत गोरं दिसून ऑडिशनला वेगळंच माणूस आलं की समोरच्याचा वेळ गेला म्हणून तो चिडतो. मित्राचा चांगला फोन असला तरी काम होतं. केस कापले, वजन बदललं, दाढी ठेवली की फोटो नवीन काढा.

हल्ली पहिली फेरी बहुतेक सगळीकडे सेल्फ टेपवरच होते, म्हणजे ऑडिशन आपणच फोनवर शूट करून पाठवायची. फोन आडवा धरा, म्हणजे स्टँडला लावा, नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. कंबरेपासून वर दिसाल असं अंतर. उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे, खिडकी तुमच्या पाठीमागे नको. पंखा बंद, कुकर बंद, गल्लीतली कुत्री शांत झाल्यावर. आधी इंट्रो द्यायचा, नाव, वय, उंची, सध्या कुठे राहता, कुठल्या भाषा येतात, मग डावी उजवी बाजू दाखवायची, मग सीन. समोरच्याची वाक्यं बोलायला घरातलं कोणीतरी कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला बसवा आणि त्याच्याकडे बघून बोला, लेन्समधे बघून बोलायला सांगितलं असेल तरच लेन्समधे. त्या माणसाने सपाट वाचलं तरी चालेल पण हळू आवाजात, नाहीतर माईक जवळ असल्याने त्याचाच आवाज मोठा येतो. मागे म्युझिक लावू नका. फाइलला आपलं नाव आणि रोलचं नाव द्या, आमच्याकडे एका दिवसात ऐंशी नव्वद व्हिडिओ येतात आणि त्यातल्या निम्म्यांची नावं नुसते आकडे असतात, आवडलेला माणूस परत शोधताना सापडत नाही मग.

सीन करताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऐकणं. समोरचा बोलत असताना तुमच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते आम्ही बघतो. बऱ्याच जणांचं आपली पाळी कधी येते याकडे लक्ष असतं आणि ते डोळ्यात स्पष्ट दिसतं. एक टेक पाठ केल्यासारखा वाटला तर अर्धा तास फिरून या आणि परत करा, पण चाळीस टेक घेत बसू नका, माझा अनुभव आहे की तिसरा चौथाच बरा असतो.

आता मुंबई

हातात चार पाच नाटकं आहेत, भाषा बरी झालीय, टेप पाठवताय, एक दोन ठिकाणी शॉर्टलिस्ट झालात, तेव्हा मुंबईचा विचार करा. आणि तेव्हाही निदान आठ दहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून या. मी आले तेव्हा मालाडला चौघी जणी एका वन बीएचकेमधे राहायचो. पहिल्या मालिकेत मला दिवसाला पंधराशे रुपये ठरले होते, महिन्यातून पाच सहा दिवस काम, आणि चेक यायचा ९० दिवसांनी. हे ९० दिवसांचं लक्षात ठेवा, टीव्हीत ही पद्धत आहे, आज केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी, त्यातून टीडीएस कापून. तो टीडीएस रिटर्न भरलं की उत्पन्न कमी असलेल्यांना परत मिळतो, दरवर्षी भरा, पहिली दोन वर्षं मी भरलंच नाही आणि तेवढे पैसे गेले. व्यावसायिक नाटकात प्रयोगाची नाईट मिळते, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, ती बहुतेक लवकर हातात येते, म्हणून माझं घर कितीतरी महिने नाटकाच्या नाईटवर चाललंय.

हिंदीसाठी अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याचं आरामनगर, तिथे बंगल्यांमधे कास्टिंगची ऑफिसं आहेत. दारातच कोणीतरी तुमच्याकडे बघून नॉट फिट म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं की पोटात गोळा येतो. त्याच्या हातात ब्रीफ असतं, वय एवढं, उंची एवढी, हिरोच्या बहिणीसारखी दिसायला हवी, त्यात तुम्ही बसत नाही एवढाच त्याचा अर्थ, तुमचा अभिनय अजून कोणी बघितलेलाच नाहीये. मराठी मालिकांचे सेट ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात, मीरा रोड भागात आणि गोरेगावच्या फिल्मसिटीत जास्त आहेत, त्यामुळे राहायला जागा बघताना ते लक्षात घ्या, शिफ्ट बारा तासांची असते आणि कॉल टाइम सकाळी सातचा असू शकतो.

पोट भरायला दुसरं काम करण्यात काही कमीपणा नाही. अशोक सराफ बँकेत नोकरी करून नाटकं करायचे, निळू फुले पुण्यात माळीकाम करायचे, डॉ. श्रीराम लागू कान नाक घशाचे सर्जन होते आणि १९६९ ला बेचाळिसाव्या वर्षी पूर्ण वेळ नट झाले. मी सकाळी ट्यूशन घ्यायचे आठवी नववीच्या मुलांच्या. फक्त काम असं शोधा की अचानक उद्याच ये म्हटलं तर जाता येईल. आणि मुंबईत आलात तरी नाटक सोडू नका, कुठल्यातरी प्रायोगिक ग्रुपमधे रोज तालमीला जात राहा, नाहीतर ऑडिशनची वाट बघण्यातच सहा महिने जातात आणि हात पाय आखडतात.

पैसे मागितले तर

काम देणारा माणूस तुमच्याकडून पैसे घेत नाही, देतो. रजिस्ट्रेशन फी, कार्डचे पैसे, कॉस्च्युमचं डिपॉझिट, आधी आमच्याकडे वर्कशॉप करा मग रोल नक्की, आमच्याच फोटोग्राफरकडून फोटो काढा, हे सगळे प्रकार एकच आहेत. मुंबईत आल्यावर दुसऱ्याच महिन्यात माझे अठरा हजार असे गेले. छान ऑफिस होतं, भिंतीवर मोठ्या नटांचे फोटो, एका नामांकित चॅनलचं नाव घेतलं, पोर्टफोलिओ केला की सोमवारी लुक टेस्ट म्हणाले. सोमवारी ऑफिसला कुलूप होतं. ते अठरा हजार आईने भिशीतून दिलेले होते, म्हणून अजून लागतं मनाला.

कोणी चॅनलचं किंवा प्रॉडक्शनचं नाव घेतलं तर त्या प्रॉडक्शन हाऊसच्या ऑफिसला स्वतः फोन करून विचारा, तुम्हाला दिलेल्या नंबरवर नको, स्वतः शोधलेल्या नंबरवर. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, लवकर केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते. ओरिजिनल मार्कशीट, आधार कोणाला ठेवून देऊ नका. मुलींनो, आणि मुलांनो तुम्ही सुद्धा, हॉटेलच्या रूमवर, फ्लॅटवर, रात्री उशिरा मीटिंग असेल तर नाही म्हणा किंवा सोबत कोणालातरी घेऊन जा आणि आधीच सांगा की मी मैत्रिणीला घेऊन येतेय. ज्याला खरंच काम द्यायचंय त्याला याचं काही वाटत नाही. कॉम्प्रोमाइज हा शब्द आडून जरी आला तरी तिथून निघा, मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. एक काम गेलं तरी चालेल, मी सोडलीयत अशी कामं, आणि आजही काम करतेय.

सिंटा म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, १९५८ पासूनची कलाकारांची संघटना आहे. तिची मेंबरशिप फी असते आणि ती योग्य आहे, पेमेंट अडकलं तर तक्रार करायला जागा मिळते. पण तिच्या कार्डमुळे रोल मिळतो असं सांगून कोणी मधला माणूस पैसे मागत असेल तर तो खोटं बोलतोय.

उरलेले प्रश्न, पटापट

मी सावळी आहे, उंची कमी आहे, चालेल का? जाहिरातीत अजूनही त्रास होतो, खोटं बोलत नाही. मालिकेतल्या मुख्य नायिकेसाठी पण थोडा. पण नाटकात, सिनेमात, वेब सिरीजमधे, आणि मालिकेतल्याच इतर दहा भूमिकांत अजिबात नाही, आणि क्रीमवर पैसे घालवू नका.

ज्युनियर आर्टिस्ट, म्हणजे सीनमधल्या गर्दीतला माणूस, म्हणून सुरुवात करू का? सेट कसा चालतो ते बघायला दोन चार दिवस जा, कंटिन्युटी म्हणजे काय, लाइट लावायला किती वेळ लागतो हे कळेल. पण गर्दीतून उचलून कोणी रोल देईल म्हणून वर्षभर करू नका, ते वेगळं काम आहे, कष्टाचं आहे, त्यांची वेगळी युनियन आहे.

फॉलोअर्स किती लागतात? काही ठिकाणी विचारतात हे खरं आहे. पण आमच्या ऑफिसमधे सीन करता न येणारा लाखभर फॉलोअर्सवाला पण परत गेलाय.

मुलाला बालकलाकार करायचंय असं आई बाबा विचारतात. कायद्याने मुलांना दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांवर तर विश्रांती द्यावीच लागते, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते आणि मिळालेल्या पैशातले निदान २० टक्के मुलाच्या नावाने बँकेत फिक्स ठेवायचे असतात. हे निर्मात्याला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, विचारा. आणि मूल झोपेला आलं असेल तर तुम्ही आई म्हणून उठून सांगा की आता बास.

कॉन्ट्रॅक्ट आलं की सही करायच्या आधी एक रात्र मागून घ्या. महिन्याला किमान किती दिवस काम नक्की आहे, पैसे किती दिवसांनी, तुम्ही दुसरीकडे काम करू शकता का एक्सक्लुझिव्ह आहे, मालिका सोडायची असेल तर किती दिवसांची नोटीस, तुमच्या पात्राचा ट्रॅक संपवला तर तुम्हाला किती आधी सांगणार, नाटकाच्या प्रयोगाला सुट्टी देणार का. हे शेवटचं मी पहिल्या कॉन्ट्रॅक्टमधे बघितलं नव्हतं आणि शिवाजी मंदिर नाट्यगृहात लागलेला प्रयोग माझ्यामुळे दुसऱ्या मुलीला उभं करून करावा लागला, त्या मुलीने एका रात्रीत पाठांतर केलं होतं.

किती वर्षं द्यायची हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, बहुतेक रात्री उशिरा. माझ्याकडे आकडा नाही पण मी जे करते ते सांगते. दर पाडव्याला एका वहीत गेल्या वर्षभरातले दिवस लिहून काढते, प्रत्यक्ष काम केल्याचे, प्रेक्षकांसमोर किंवा कॅमेऱ्यासमोर. ऑडिशन त्यात धरत नाही, रील्स धरत नाही. बाजूला अभिनयातून आलेले पैसे आणि दुसऱ्या कामातून आलेले पैसे वेगळे लिहिते. मग मागच्या दोन वर्षांची पानं उघडून शेजारी ठेवते आणि त्यावरून पुढच्या वर्षाचं ठरवते, ट्यूशन वाढवायच्या का कमी करायच्या, मुंबईतच राहायचं का पुण्यात राहून ये जा करायची. २०१७ च्या पानावर नऊ दिवस आहेत, तेव्हा मी सहा महिने पुण्यात परत जाऊन नुसतं नाटक केलं. गेल्या पाडव्याच्या पानावर शूटचे त्रेसष्ट दिवस आहेत आणि प्रयोग एकतीस, ट्यूशनला अजून तीन मुलं आहेत.